पाणी आधी उकळायला ठेवा, मग काय करायचं ते ठरवा

घरात भाजी नाही, या वाक्याला आमच्याकडे काही किंमत नाही. बेसन संपलं म्हणा, मग मी पिशवी घेऊन खाली उतरतो.

आधी माझी ओळख. नागपुरात मानेवाड्याला राहतो, एका ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक आहे. ही स्टाफ नर्स, ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. त्यामुळं संध्याकाळचा ओटा माझ्याकडे. खाणारी पाच तोंडं: आई, आम्ही दोघं, दहावीतली मोठी आणि सहावीतला लहाना. लहाना ट्यूशनवरून येतो तो सायकल उभी करायच्या आधीच फाटकातून ओरडतो, "बाबा, काय बनवून राहिले?" तेव्हा मला उत्तर माहीत नसतं, पण गॅसवर पाणी ठेवलेलं असतं.

हीच माझी पद्धत. बहुतेक लोक घाईत आले की आधी कांदा चिरायला घेतात. चिरून होईपर्यंत दहा मिनिटं जातात, मग आठवतं की पाणी थंड आहे, तांदूळ धुतलेले नाहीत, पोहे भिजवलेले नाहीत. मी घरात आलो की आधी मोठं पातेलं भरून पाणी चढवतो, मग बूट काढतो. पाणी तापेपर्यंत फ्रिज उघडून बघतो काय शिजलेलं पडलं आहे, काय भिजवायचं आहे. चाकूची पाळी शेवटी. लॅबमध्येही पोरांना हेच सांगतो, वॉटर बाथ आधी लावा, वही मग उघडा. इलेक्ट्रिक किटली असली तर अजून सोपं, सिलिंडर ऐनवेळी संपला तरी निम्मं काम तिच्यावर निघतं.

उकडपेंडी

विदर्भाबाहेरच्या लोकांना ही फारशी माहीत नसते. ज्याला कणकेचा उपमा म्हणतात ते साधारण हेच, पण उपमा म्हटलं की आई नाराज होते. पोळ्या लाटायचा कंटाळा आला आणि पोट मात्र पोळीइतकं भरायला हवं, तेव्हा उकडपेंडी.

पाच जणांना अडीच वाट्या कणीक. चक्कीवरून मुद्दाम जाडसर दळून आणलेली असली तर उत्तम. रोजच्या पोळीची बारीक कणीकच असेल तर दोन वाट्या कणीक आणि अर्धी वाटी ज्वारीचं पीठ किंवा रवा घ्या, म्हणजे चिकट होणार नाही. एका शेगडीवर कढईत दोन चमचे तेल टाकून पीठ मंद ते मध्यम आचेवर भाजायला घ्या. दुसऱ्या शेगडीवर फोडणी: तीन-चार चमचे तेल, मोहरी, जिरं, मूठभर शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा, हळद. पुष्कळ जण फोडणीतच पीठ टाकून भाजतात. मी वेगळं भाजतो, कारण कांद्याचं पाणी सुटलं की पीठ नीट भाजलं जात नाही, गुठळ्या धरतं आणि खाताना कच्चं लागतं.

भाजायला आठ-दहा मिनिटं लागतात, त्यात कंजुषी करू नका. रंग बदलायच्या आधी वास बदलतो. पहिल्या तीन-चार मिनिटांत पिठाचाच वास येतो. मग बेकरीसमोरून गेल्यावर येतो तसा खमंगपणा सुरू होतो. कालथा आधी जड चालत असतो, तो हलका चालायला लागतो, पीठ वाळूसारखं सरकतं. बदामी रंग आला की फोडणीत ओता, मीठ घाला, चिमूटभर साखरही चालते.

आता पाणी. अर्धी वाटी आंबट ताक आधी शिंपडून हलवा, त्यानंतर उकळतं पाणी, एकूण दोन वाट्यांच्या आसपास. एकदम ओतायचं नाही. हातात पळी घेऊन थोडं पाणी, थोडं हलवणं, परत थोडं पाणी. पीठ 'चर्र' करून पाणी पिऊन घेतं. सगळं पीठ ओलसर झालं पण गोळा धरत नाही, तिथं थांबायचं. "थंडं पाणी टाकशील तर लापशी होईल रे बापा," हे आईचं दर वेळचं वाक्य, आणि ते बरोबर आहे. थंड पाण्यानं कढईची धग उतरते, पीठ शिजायच्या आधी नुसतं भिजतं आणि चिकटतं. झाकण ठेवून अगदी बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं वाफ येऊ द्या. वरून लिंबू आणि भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर. सोबत दही किंवा लोणचं.

पीठ भाजताना दुप्पट भाजून ठेवलं तर कोरडं, घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस सहज राहतं. पुढच्या वेळी उकडपेंडी पंधरा मिनिटांत.

बेसन

वर उकळत्या पाण्याचं एवढं कौतुक केलं, पण बेसनावर थेट उकळतं पाणी ओतलं की गोळे होणारच. बाहेरचं पीठ लगेच शिजून कवच धरतं आणि आत कोरडी भुकटी राहते. म्हणून बेसन थंड पाण्यात कालवायचं आणि ते कालवण उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं.

पिठल्याचं माप अगदी सोपं. एक वाटी बेसनाला चार वाट्या पाणी घेतलं तर भातावर घ्यायचं पातळ पिठलं, तीन वाट्या घेतलं तर भाकरीशी खायचं, आणि दोनच्या आत आलं की पाटवडीच्या वाटेला लागलात. फोडणीत लसूण सढळ हातानं घाला, हिंग विसरू नका. पिठलं दोन मिनिटांत घट्ट होतं म्हणून गॅस बंद करायची घाई करू नका. झाकण ठेवून आणखी सहा-सात मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. कडेनं तेल दिसायला लागलं की कच्चा वास गेला समजा.

पाटवडीसाठी बेसन कढईतच घोटत राहायचं. गोळा कडा सोडायला लागला, ओल्या बोटाला चिकटेना, की तेल लावलेल्या ताटात थापा, वर सुकं खोबरं आणि सांबार भुरभुरवा आणि वड्या पाडा. पाटवडी म्हटलं की नागपूरकराला झणझणीत रस्सा आठवतोच, पण मधल्या वारी दोन्ही करत बसू नका. वड्यांवर मोहरी-तिळाची फोडणी द्या, पोळीसोबत वाढा. रस्सा रविवारी.

माझा खरा जीव आहे तो गोळाभातावर. एकाच पातेल्यात भात आणि वरणाऐवजी गोळे, भांडी कमी, आणि पाहुणा आला तरी लाज नाही.

दोन वाट्या तांदूळ धुऊन बाजूला ठेवा. गोळ्यांसाठी दीड वाटी बेसन, जाडसर दळलेलं मिळालं तर तेच घ्या, बारीक पिठाचे गोळे दगडासारखे होऊ शकतात. घरात बारीकच असेल तर त्यात दोन चमचे रवा टाका. तिखट, हळद, मीठ, ओवा, हिंग, थोडं जिरं. त्यावर तीन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. हे मोहन वाचवू नका, गोळा खुसखुशीत होतो तो त्यानंच. हातानं चोळा आणि मुठीत दाबून बघा. मूठ वळली पाहिजे, बोटानं टोचली की फुटली पाहिजे. आता अगदी जेमतेम पाणी शिंपडून घट्ट मळा. पाव वाटीसुद्धा लागत नाही. मोठ्या बोराएवढे गोळे वळा. लिंबाएवढे केले तर दिसतात छान, पण आतून शिजायला वेळ घेतात.

जाड बुडाच्या पातेल्यात थोडं तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, त्यावर तांदूळ परता आणि पाच वाट्या उकळतं पाणी घाला. नेहमीच्या भाताला लागतं त्यापेक्षा हे थोडं जास्त आहे, कारण गोळेही पाणी ओढतात. मीठ घाला. झाकण न ठेवता शिजू द्या. वरचं पाणी आटून भाताला भोकं पडतात, भोकांतून बुडबुडे येतात, तो क्षण धरायचा. तेव्हा गोळे भातावर हलकेच ठेवा, थोडे आत दाबा, झाकण लावा, गॅस अगदी बारीक, पातेल्याखाली तवा सरकवा. पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही आणि चमचा तर घालायचाच नाही. लवकर गोळे सोडले तर ते पाण्यात विरघळून भाताची खिचडी होते, उशिरा सोडले तर आत कोरडे राहतात.

वाढताना गोळा भातावर कुस्करायचा आणि त्यावर तेलाची फोडणी: मोहरी, हिंग, सुक्या लाल मिरच्या. शेजारी ताकाची कढी नाहीतर चिंचेचं पाणी. आईला दात कमी, तिच्या ताटातला गोळा मी कढीत भिजवून देतो.

तोंडी लावायला

भाजी नसलेल्या जेवणाला चव येते ती बाजूच्या वाटीतून. भुरका करायला तीन मिनिटं लागतात. अर्धी वाटी तेल तापवा, त्यात जिरं, ठेचलेला लसूण, तीळ, शेंगदाण्याचा भरड कूट. लसूण लालसर झाला की गॅस बंद. अर्धा मिनिट थांबा, मग मीठ आणि दोन-तीन चमचे तिखट. चालू गॅसवर तिखट टाकलं तर ते जळून काळं होतं, आणि सगळं घर खोकतं ते वेगळंच. आमचं तिखट भिवापुरी मिरचीचं. भिवापूर आपल्याच जिल्ह्यातलं, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुसऱ्या गावची मिरची आणायला मन होत नाही.

हिवाळ्यात घोळाणा. कांद्याची पात, कोवळी मेथी, मुळ्याचा पाला, जे असेल ते बारीक चिरा. मीठ, तिखट, दाण्याचा कूट, कच्चं तेल, हातानं कालवा. मीठ लागलं की पाला पाणी सोडतो, म्हणून ताट वाढल्यावरच करायचा.

पोरांचं साडेपाच वाजताचं

शाळा-ट्यूशनच्या मधल्या भुकेला शिजवत बसायची गरज नाही. कच्चा चिवडा करा. मुरमुरे, बारीक चिरलेला कांदा, टमाटर, भाजलेले शेंगदाणे, फुटाण्याची डाळ, तिखट, मीठ, सांबार, आणि वरून एक-दोन चमचे कच्चं तेल. माझी युक्ती एवढीच की कच्च्या तेलाऐवजी आंब्याच्या लोणच्याच्या बरणीतलं वरचं तेल घ्यायचं. मीठ-तिखट त्यातच येतं. मुरमुरे मऊ पडलेले असतील तर आधी कोरड्या कढईत दोन मिनिटं फिरवून घ्या. कालवल्यापासून पाच मिनिटांत संपला पाहिजे, नाहीतर चामट होतो. आमच्याकडे हा प्रश्न येत नाही.

दुसरं म्हणजे आलू पोंगा, म्हणजे तळलेल्या पोकळ नळ्यांत भरलेलं बटाट्याचं सारण. शाळेच्या फाटकाबाहेर दोन रुपयांत खाल्लेला माल, पण घरी केला की तेल कोणतं आणि चटणीत पाणी कोणतं याची खात्री असते. आलू अख्खे उकडू नका, सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, कुकरच्या दोन शिट्ट्या पुरतात. कुस्करून त्यात मीठ, तिखट, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिंचेचा घट्ट कोळ. सारण थोडं ओलसर हवं. पिवळे पोंगे किराणा दुकानात किलोवर मिळतात. तेल चांगलं तापलेलं हवं, एक पोंगा टाकून बघा, लगेच फुलून वर आला पाहिजे. कोमट तेलात टाकले तर तेल पितात आणि कडक राहतात. पोंगे बोटांत घालायचे आणि सारण भरून खायचे, या कामाला मोठीसुद्धा दहावीचं पुस्तक बाजूला ठेवून येते. आधी भरून ठेवू नका, दोन मिनिटांत मऊ पडतात. पोंगे ताटात, सारण मधे वाटीत, ज्यानं त्यानं भरून घ्यावं.

धिरडी सगळ्यांना येतात, त्याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की नुसत्या बेसनापेक्षा त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ घाला, कडा कुरकुरीत होतात. आणि पहिलं धिरडं बिघडलं तर तवा पुरेसा तापलेला नव्हता, पिठाला दोष देऊ नका.

उरलेलं

पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, भात उरला तर फोडणीचा भात, हे घरोघरी चालतं. पोळीच्या चुऱ्यावर पाण्याऐवजी ताक शिंपडा, मऊ होते आणि आंबटपणाही येतो. वरण उरलं तर त्यातच कणीक, तिखट, ओवा घालून मळा आणि जाड दशम्या लावा. पाणी घालायची गरज नाही.

भाताबद्दल मात्र मी कडक आहे. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत दुपारचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि रात्री परतून खायचा, हे बंद करा. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परत गरम केल्यानं जात नाही. वास येत नाही म्हणजे भात चांगला आहे असंही नाही. भात उरणार असं दिसलं की ताटात पसरून निववा, तासाभरात डब्यात भरून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा. घरात नर्स असल्यामुळं या बाबतीत मला अपीलही करता येत नाही.

रविवारी करून ठेवायचं एकच काम

बरेच जण सुट्टीच्या दिवशी आठवड्याची भाजी चिरतात, वाटणं करून ठेवतात. मी फक्त चणे उकडतो. काळे चणे अर्धा किलो, रात्रभर भिजवून, मीठ घालून कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. गार झाले की त्यांच्याच पाण्यासकट लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये. भिजवायचे राहिले तर उकळत्या पाण्यात मीठ टाकून, घट्ट झाकून तास-दीड तास ठेवा आणि शिट्ट्या दुप्पट करा, काम भागतं.

हे चणे कशासाठी, ते नागपूरकराला सांगायला नको. ही रात्रपाळी करून सकाळी येते तेव्हा तिला चहाच्या आधी तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा ओतलेले पोहे लागतात, आणि एक डबा बाहेर काढलेला असला की वीस मिनिटांत होतात. कढईत तेल जरा सढळ, पाच-सहा चमचे तरी. तर्री म्हणून मिरवायचं आणि तेलाला हात आखडायचा, हे जमत नाही. कांदा आणि भाजलेलं सुकं खोबरं मिक्सरमधून काढून तेलात चांगलं तपकिरी होईपर्यंत परता, मग आलं-लसूण, धणेपूड, गरम मसाला. गॅस बारीक करून दोन चमचे तिखट तेलातच टाका. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून वरून तिखट भुरभुरलेल्या तर्रीला कधी रंग चढत नाही. जळायला लागलं असं वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा. लगेच चणे त्यांच्या पाण्यासकट, वर दोन-तीन वाट्या उकळतं पाणी, मीठ, आणि दहा मिनिटं खळखळ उकळी. तेल आपोआप वर येतं.

तर्री उकळेपर्यंत जाड पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा. हळद, मीठ, किंचित साखर त्यांनाच चोळा. पोहे साधेच हवेत, फोडणीत आलू-मटार भरू नका, सगळा तिखटपणा वरून येणार आहे. बशीत पोहे, त्यावर चण्यासकट तर्री, कच्चा कांदा, लिंबू. पोरांच्या बशीत नुसते चणे आणि शेव. तर्री उरली तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, रात्री पाणी वाढवून उकळा आणि तिच्यात पाटवड्या सोडा.